देवीचं वजन किती?

हा प्रश्न मी अगदी साधेपणाने विचारला होता. पण समोरच्या खुर्चीत बसलेले अण्णा मांडवकर ताडकन उठून उभे राहिले.

"बाय, तुमी देवीचा वजन इचारताय?"

"हो. किलोत सांगितलंत तर बरं होईल."

अण्णांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, डोळे मिटले आणि माझ्या वतीने क्षमा मागितली. माझ्यासमोरच्या कागदावर मात्र 'वजन' हा शब्द लिहिलेला होता, त्याच्यापुढे रिकामी जागा होती, आणि ती भरल्याशिवाय मला पुढचा एकही आकडा काढता येणार नव्हता.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत नाचणकरसाहेबांची शेड होती. वर पत्रे, भिंती जांभ्याच्या, आत दोन लेथ, वेल्डिंगचा कोपरा आणि एका बाजूला प्लायवूडचा आडोसा घालून केलेलं 'डिझाइन ऑफिस'. त्या ऑफिसात एक ड्रॉइंग बोर्ड होता, एक टेबल होतं आणि मी होते. आलेलं गिऱ्हाईक आधी मला ओलांडून मागे बघायचं. मागे भिंत असायची. मग नाइलाजाने ते माझ्याशी बोलायला लागायचं.

माझं काम नेमकं काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "शुभदा लोकांशी बोलते आणि ते काय म्हणतात ते लिहून ठेवते." शेजारणींना वाटायचं, मी टेलिफोन ऑपरेटर आहे. पण आईचं तसं चुकत नव्हतं. गिऱ्हाईक येऊन सांगतं, 'मजबूत पाहिजे', 'जरा हलकं पाहिजे', 'भरपूर माल निघाला पाहिजे'. लेथवरच्या माणसाला 'जरा' आणि 'भरपूर' कापता येत नाही. त्याला मिलिमीटर लागतात. गिऱ्हाइकाच्या 'जरा'पासून लेथवरच्या मिलिमीटरपर्यंत जो रस्ता आहे, तो बांधायचं काम माझं. त्याला आम्ही स्पेसिफिकेशन म्हणायचो. यंत्र काय करील, किती करील, कुणासाठी करील आणि काय अजिबात करणार नाही, हे दोघांनाही एकच अर्थ लागेल अशा शब्दांत लिहून काढायचं, एवढंच ते.

'एवढंच' म्हटलं खरं. मिरकरवाड्याचे एक मासळीवाले बर्फ फोडायचं यंत्र सांगायला आले. बर्फाचे तुकडे केवढे हवेत, तर म्हणाले, "नखाएवढे." मी माझं नख मोजायला लागले, तसे ते हसले आणि स्वतःचा अंगठा टेबलावर ठेवला. वल्हं मारून मारून तो अंगठा बेडकीएवढा झालेला. आमच्या फायलीत कायमची नोंद राहिली, 'तुकडा नखाएवढा (गिऱ्हाइकाच्या)'.

पावसच्या एका बागायतदारांची गंमत तर निराळीच. विहिरीवरच्या पंपाचा 'त्रास' होतो, तो कमी करा, म्हणाले. नाचणकरसाहेबांनी हौसेने पंपाला अशी पेटी बसवून दिली, की शेजारी उभं राहिलं तरी आवाज नाही. आठवड्यात बागायतदार परत हजर. "अहो, ओटीवर बसून पंप चालू आहे की बंद, हे कळायचं कसं? आता दर घटकेला उठून विहिरीपर्यंत जावं लागतं!" त्यांचा त्रास आवाजाचा नव्हताच, पंप सारखा बंद पडायचा त्याचा होता. पेटी काढली, पंप दुरुस्त केला, तो पूर्वीसारखा बोंबलायला लागला आणि गृहस्थ सुखी झाले. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये नियम झाला. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं, की आधी विचारायचं, 'कशाला?'

तर अण्णा मांडवकर. संगमेश्वरच्या आतल्या बाजूला असलेल्या एका गावच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष. पांढरं धोतर, काळी टोपी आणि मोठा आवाज. चैत्रात त्यांच्या गावदेवीचा उत्सव असतो, त्यात गावकऱ्यांचं नाटक असतं, आणि नाटकाच्या पहिल्या अंकात देवी प्रकट होते. दर वर्षी ती पडद्यामागून चालत यायची. यंदा ती आकाशातून उतरायला हवी होती.

मी विचारलं, "कशाला?"

"कशाला म्हंजे? खालच्या वाडीची देवी गेल्या सालाला कमळातून निघाली. पाकळ्या उघडल्या, आत देवी! आमची आपली चालत येते. लोकांनी तोंडावर सांगलान, तुमची देवी एस.टी. चुकली म्हनून चालत आली काय?"

गरज स्वच्छ कळली. आता आकडे हवे होते.

"वजन म्हणजे देवीचं काम करणाऱ्याचं हो, अण्णा."

"आसा सांगा ना!" अण्णा खाली बसले. "दत्ताराम करतो. फुलासारखा हाय."

मी 'फूल' असं न लिहिता 'प्रत्यक्ष मोजावे' असं लिहिलं. "आणि उतरायची कशी?"

"अलगद."

"अलगद म्हणजे किती वेळात?"

अण्णांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि गंभीर चेहऱ्याने हळूहळू मांडीपर्यंत आणला. मी घड्याळात बघून वेळ मोजला. खात्री करायला पुन्हा उतरवायला सांगितलं, तर देवी निम्म्या वेळात खाली आली. तिसऱ्या खेपेला वेल्डिंगच्या धुराने अण्णांना मधेच शिंक आली आणि देवी हवेतच राहिली.

"देवी उतरते तेव्हा चालू काय असतं?" मी विचारलं.

"आरती. आमच्या देवीची. दोन कडवी. दुसरा सपताना पाय टेकले पायजेत."

"म्हणून दाखवा."

अण्णांनी तिथेच आरती म्हटली. खड्या आवाजात, टाळ्यांच्या ठेक्यावर. बाहेर लेथ थांबला. आमचे जुने फिटर हसनभाय हात पुसत दारात येऊन उभे राहिले. नाचणकरसाहेब केबिनमधून धावत आले, बघितलं, आणि काही न कळून चपला काढून उभे राहिले. मी घड्याळाकडे बघत वेळ लिहून घेतला. 'अलगद' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच असा पकडीत पकडला होता.

त्यानंतर अण्णा जेव्हा जेव्हा रत्नागिरीच्या बाजाराला यायचे, तेव्हा तेव्हा शेडमध्ये डोकावून देवीला काहीतरी जोडून जायचे. आधी ढग आला. मग ढगाला बल्ब आले. मग सिंह. "सिंहही वरून उतरणार?" मी घाबरून विचारलं. "नाय नाय, तो आदीच खाली आसतो. आत आमचा पोस्टमन आसतो." मी लगेच सिंह कागदावरून खोडला. देवीला हात आठ. दोन दत्तारामाचे, सहा लाकडी, पाठीवर पट्ट्याने बांधायचे, प्रत्येकात एकेक शस्त्र. वजनात ते सगळं धरलं.

एका बाजाराच्या दिवशी अण्णा दत्तारामाला घेऊन आले. चाळिशीच्या आसपासचा, लांब मानेचा, मोठ्या शांत डोळ्यांचा माणूस. मुंबईला गिरणीत होता. दर वर्षी रजा काढून देवी व्हायला गावी यायचा. यंदा रजेची गरज नव्हती, कारण गिरण्या बंद पडून बरेच महिने झाले होते आणि तो गावीच होता. मी त्याला काही विचारलं की उत्तर अण्णा द्यायचे. वजन झालं. मग बसायची ढब बघावी म्हणून हसनभायनी छताच्या चेन-ब्लॉकला, म्हणजे आमच्या जड वस्तू उचलायच्या साखळीच्या यंत्राला, एक फळी अडकवली, दत्तारामाला तिच्यावर बसवलं आणि साखळी ओढली.

त्याचे पाय जमिनीपासून वीतभर सुटले असतील नसतील. त्याने डोळे गच्च मिटले, दोन्ही हातांनी साखळी आवळली आणि ओठ हलवायला लागला.

"बगा," अण्णा भारावून म्हणाले, "आतापास्नाच आंगात यायला लागली."

"आता उतरवा," मी हसनभायना म्हटलं.

"कसा उतरवू?" हसनभाय म्हणाले. "जी साखळी सोडायची, तीच त्याने धरलीय."

बऱ्याच समजुतीनंतर दत्ताराम खाली आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी साहेबांना म्हटलं, अण्णांना नाक्यावर चहा पाजून आणा. साहेब समजूतदार होते. ते अण्णांना घेऊन गेले.

"दत्ताराम, तुम्हाला वर जायची भीती वाटते का?"

"नाय."

"बरं. तुम्हाला ढग कसा हवा?"

त्याने मागे वळून बघितलं, जणू मी आणखी कुणाशी बोलत होते. "मला इचारताय?"

"बसणार तुम्हीच ना?"

मग तो बोटावर मोजत म्हणाला, "पायाखाली फळी पायजे. दोनी हातांना धरायला पायजे. आनि खालचा कायेक दिसता नये." इतकी नेमकी मागणी माझ्याकडे इंजिनिअर गिऱ्हाइकांनीही क्वचित केली होती. मी लिहून घेतलं. मान खाली घालून लिहीत असताना तो हळूच म्हणाला, "बाय, मी जल्मात माडावर चडलेलो नाय. गिरणीत पन तळमजल्याच्या खात्यात होतंव म्हनून टिकलंव."

"मग अण्णांना सांगून टाका की."

"सांगलंव तर दुसऱ्याला देवी करतील." तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "गिरण बंद झाल्यापास्ना गावात मला 'घरी बसलेला' म्हनतात. देवीच्या दिवशी तेवडा माजा नाव घेतात. ता पन गेला, तर मंग मी कोन?"

मी म्हणाले, "अण्णांना मी काही बोलणार नाही. पण तुमच्या तिन्ही गोष्टी यंत्रात येतील."

आता खरी पंचाईत माझी झाली. पैसे देणारं गिऱ्हाईक एक, वापरणारा दुसरा, आणि वापरणाऱ्याच्या अटी लिहायच्या पण कारण लिहायचं नाही. मी नवा मसुदा केला आणि पुढच्या बाजारात अण्णांसमोर वाचायला घेतला. "ढगाला आतून कमरेइतका कठडा..."

"कठडा?" अण्णा ओरडले. "देवीला कठडा? ती काय होडीतनं चाललीय?"

"बाहेरून दिसणार नाही. वर कापूस असेल."

"आनि हात?"

"खरे हात कठड्याला. ढगाच्या आत."

"म्हंजे देवीला सहाच हात? बाय, मंडळाचा ठराव आठाचा हाय!"

"आठही लाकडी करू ना. सुताराला आणखी दोन सांगा."

"आशीर्वाद कोन देनार मंग?"

"पुढच्या लाकडी हाताला दोरी लावू. देवीने पायाने दाबली की हात वर."

अण्णांनी डोळे बारीक केले. "तुमी ह्यो कठडा कशाला घातलात?"

आमचाच प्रश्न आमच्यावर उलटला होता. मी म्हटलं, "सुरक्षिततेचा नियम आहे." नियम होता, पण तो मी आदल्या दिवशी केलेला होता. साहेबांनी आतून मान डोलावून त्याला मंजुरी दिली. अण्णा कुरकुरत कबूल झाले आणि कागदावर सही केली.

यंत्र तसं सोपं होतं. रंगमंचावर पायपांची चौकट, वर कप्पी, तिच्यावरून तारेचा दोर, आणि पडद्यामागे हाताने फिरवायचा रहाट. रहाटाचे दाते मी असे निवडले होते, की हँडल हातातून सुटलं तरी ढग आहे तिथेच थांबेल, आपोआप खाली येणार नाही. हँडल एका लयीत फिरवलं की दोन कडव्यांत देवी खाली. हँडलवर हसनभाय. त्यांना सगळी आरती पाठ करावी लागली. त्यांनी ती मनापासून केली. पुढे कितीतरी महिने ते बेअरिंग बसवताना तीच गुणगुणत असायचे.

उत्सवाच्या आदल्या दिवशी आम्ही गावात जाऊन सगळं उभं केलं. देवळासमोरच्या अंगणात मांडव पडला होता. चाचणीसाठी ढगात आधी जांभ्याचे चिरे भरले, दत्तारामाच्या दुप्पट वजनाचे. हसनभायनी आरती म्हणत रहाट फिरवला. चिरे वरून तरंगत, अलगद, दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या शब्दाला जमिनीवर टेकले. बघतो तर अण्णांचे हात जोडलेले. लक्षात आल्यावर त्यांनी ते घाईघाईने पाठीमागे नेले.

मग दत्ताराम बसला. वर गेला, खाली आला. सबंध वेळ डोळे मिटलेले.

"डोळे उघडा की!" माझ्या शेजारून एक बाई ओरडली. "देवी काय निजलीय?"

ती रुक्मिणी, दत्तारामाची बायको. काटक, चटपटीत, काजूच्या कारखान्यात जाणारी. काजूच्या चिकाने तिची बोटं काळवंडलेली होती. गिरणी बंद झाल्यापासून घर तिच्याच मजुरीवर चाललं होतं, हे मला आल्या आल्या कुणीतरी सांगितलंच होतं. ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ता कठडा तुमी लावलात ना?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"व्हय, आसंल," ती म्हणाली. "बरा केलात. लगनात पाटावर उबा ऱ्हायला तवा पन माजा हात धरून उबा होता." आणि पुन्हा ढगाकडे बघून ओरडली, "आवो, डोळे!"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नाटक सुरू झालं. मुंबईहून आलेले चाकरमानी पुढे, बायका उजवीकडे, आणि खालच्या वाडीची मंडळी हाताची घडी घालून मागे, 'बघू तर खरं' अशा चेहऱ्याने. मी आणि अण्णा पडद्याच्या कडेला उभे होतो. पेटीवाल्याने सूर धरला, आरती सुरू झाली, आणि वरून बल्ब लुकलुकवत ढग खाली यायला लागला.

मी चाचणीत चिरे बघितले होते, सराव बघितला होता, प्रत्येक नट-बोल्ट मला माहीत होता. तरी माझ्या अंगावर काटा आला. मुकुट, नथ, सात हातांत सात शस्त्रं, आठवा हात आशीर्वादाचा, आणि डोळे... डोळे उघडे होते. समोर दूर कुठेतरी लावलेले, न हलणारे. लोकांना ती दैवी नजर वाटली. मला कळत होतं, की तो माणूस खाली न बघण्याची पराकाष्ठा करतोय. खालच्या वाडीच्या हातांच्या घड्या सुटल्या.

दुसरं कडवं निम्म्यावर आलं आणि ढग थांबला.

जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. मी पळत रहाटापाशी गेले. "हसनभाय, काय झालं?"

हसनभाय हँडल धरून फटीतून बघत होते. "सिंह," ते म्हणाले.

पुठ्ठ्याचा सिंह बरोबर ढगाखाली येऊन बसला होता. आत पोस्टमन. आरतीच्या तंद्रीत तो थोडा पुढे, थोडा पुढे असा सरकत गेला होता. सिंह खाली असेल, हे अण्णांनी मला सांगितलं होतं. खाली कुठे, हे आमच्या दोघांच्याही कागदावर नव्हतं. आता वर ढग थांबलेला पाहून तो भ्यायला होता आणि जागचा हलत नव्हता. सिंहाच्या तोंडातून बारीक आवाज येत होता, "मी हाय हितं! मी हाय हितं!"

आरती संपली. देवी लोंबकळतेय. आणि त्या गावची रीत अशी, की आरती संपली की सुवासिनींनी पुढे येऊन देवीची ओटी भरायची. नाटकातली देवी असली तरी भरायची. बायका ताटं घेऊन उठल्या. ढग टेकलाय की नाही, याचा कुणी विचार केला नाही. सगळ्यांत पुढे रुक्मिणी. लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर. सिंहाला वळसा घालून ती ढगाच्या पुढ्यात आली, चवड्यांवर उभी राहिली आणि खण-नारळ दोन्ही हातांनी वर धरला.

वर आठ हात. एकात त्रिशूळ, एकात तलवार, एकात गदा. रिकामा एकच, आशीर्वादाचा, पण तोही लाकडी. दत्तारामाने पायाने दोरी दाबली. लाकडी हात वर झाला, आशीर्वाद दिला, खाली आला. रुक्मिणी तशीच उभी. त्याने पुन्हा आशीर्वाद दिला. रुक्मिणी हलली नाही. तिचे हात थरथरायला लागले, पण तिने ते खाली घेतले नाहीत. मांडवात कुजबुज सुरू झाली. देवी ओटी घेत नाही, म्हणजे काहीतरी चुकलं. मागून खालच्या वाडीतलं कुणीतरी हसलं.

आणि मग दत्तारामाने मान वाकवून खाली बघितलं.

त्याच्या रंगवलेल्या चेहऱ्यावरून घामाचा ओघळ खाली आला. क्षणभर वाटलं, आता हा ओरडणार. पण कापसाच्या ढगातून आधी एक हात बाहेर आला. चांगला काळासावळा, केसाळ, मनगटाला गिरणीतला जुना व्रण असलेला. मग दुसरा. ढग थोडा झुलला. देवी कठड्यावरून पुढे ओणवी झाली आणि तिने बायकोच्या काळवंडलेल्या बोटांतून नारळ आणि खण उचलून घेतला.

तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारी किंचाळली. तिचं माहेर हेदवी, जिथल्या गणपतीला दहा हात आहेत. "दशभुजा! गो बायांनो, दशभुजा परगटली!"

मांडव उठून उभा राहिला. ढोल सुरू झाले, कुणी गुलाल उधळला, खालच्या वाडीचा म्होरक्या टोपी काढून हात जोडून उभा. पोस्टमन सिंहासकट रांगत बाहेर आला आणि तोही पाया पडायला लागला. हसनभायनी संधी साधून राहिलेलं अंतर पूर्ण केलं. देवी जमिनीवर टेकली. तिने नारळ छातीशी धरला होता आणि आता ती कुणालाही तो देत नव्हती.

माझ्या शेजारी अण्णा बोटं मोजत उभे होते.

"बाय," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "आपन आठच सांगलेले ना?"

"हो."

"मंग हे दोन..."

"आमच्याकडून," मी म्हटलं.

अण्णांनी पुढच्या वर्षासाठी लगेच दहाची मागणी नोंदवली. मी त्यांना सांगितलं, की दहा हातांची हमी मी देऊ शकत नाही. आठ आमचे, उरलेले दोन बाहेर यायचे की नाही हे देवीने ठरवायचं. ही अट त्यांनी कागदावर मान्य केली. गिऱ्हाइकाने यंत्राच्या बाबतीत इतका समंजसपणा दाखवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

नाचणकरसाहेब त्या रात्रीच्या बातमीने इतके खूश झाले, की त्यांनी दत्तारामाला बोलावून शेडमध्ये नोकरी देऊ केली. "असा धीट माणूस हवाच होता. पाण्याच्या टाक्या उभारायच्या आहेत, उंचावर चढणारं कुणी मिळत नाही!" दत्ताराम माझ्याकडे बघायला लागला. मी साहेबांना म्हटलं, "याला स्टोअर सांभाळायला द्या. जमिनीवर." साहेबांनी कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, नियम आहे.

शेड बंद होईपर्यंत तो आमच्याकडे होता. नट-बोल्ट, वेल्डिंगचे रॉड, बेअरिंगं, सगळं त्याच्या ताब्यात. दर चैत्रात रजा काढून गावी जायचा आणि ढगात बसायचा. आता मुलंमुली कॉम्प्युटरवर भराभर ड्रॉइंग काढतात, मला त्यांचा हेवा वाटतो. फक्त गिऱ्हाइकाच्या मागे उभा असलेला, न बोलणारा माणूस त्या पडद्यावर दिसत नाही, आणि त्याला चहाच्या वेळात गाठून विचारायला हल्ली कुणाला फुरसत नसते, याचं वाईट वाटतं.

एकदा दुपारी स्टोअरमध्ये बसून डबा खाताना मी त्याला विचारलंच, "दत्ताराम, त्या दिवशी तुम्ही हात सोडलेत कसे?"

"आवो बाय, तुमी माज्या बायकोला वळखत नाय," तो म्हणाला. "नारळ घेतला नसता, तर खाली उतरल्यावर माजा काय झाला आसता?"

आम्ही दोघंही हसलो. त्याने डबा बंद केला, हात धुतले, पंच्याला पुसले. मग दाराशी पाठमोरा उभा राहून म्हणाला, "वरीसभर तीच देत होती मला. मी मान वर करून घेत पन नवतंव. त्या दिवशी वरून बगितला, तिचे हात कापत होते. मंग उंची कितीक हाय, ता इसरलंव."

बाहेरून हसनभायनी पाव इंची बोल्ट मागितले. दत्ताराम ते मोजून द्यायला गेला.